‘सर्व अधिकार’ म्हणजे कोणता अधिकार? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

स्वर्गारोहणाच्या सणानिमित्त या सदरात मत्तयकृत शुभवर्तमानातील 28व्या अध्यायाच्या 18व्या वचनावर थोडे लिहिले होते. पुनरुत्थित प्रभू गालीलातील डोंगरावर आपल्या अकरा शिष्यांना सांगतो की, स्वर्गात व पृथ्वीवर सर्व अधिकार मला दिलेला आहे. त्या लेखावर बरीच पत्रे आली. त्यांतील चार येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे हेतुपुरस्सर दिलेली नाहीत, आणि पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्या घराला उत्तराची निकड आहे.

प्रश्न : माझ्या यजमानांना दीड वर्षापासून फिट येतात. डॉक्टरांच्या गोळ्यांनी बराच फरक पडला होता. पण घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की ही कोणीतरी केलेली करणी आहे. प्रार्थनेसाठी गावोगाव फिरणाऱ्या एका बंधूंनी येशूच्या नावाने मंतरलेले तेल दिले, अकराशे रुपये घेतले आणि गोळ्या चालू ठेवणे म्हणजे प्रभूवर अविश्वास दाखवणे होय, असे बजावले. गोळ्या बंद केल्यावर बारा दिवसांत दोनदा फिट आली. येशूचा अधिकार सर्व दुष्ट शक्तींवर आहे हे मी मानते, तरी रात्री दिवा मालवायची मला भीती वाटते. माझाच विश्वास कमी पडतो का?
— एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : ताई, आधी गोळ्यांचे बोलू. हा अंक हाती पडेल त्याच दिवशी यजमानांना डॉक्टरांकडे घेऊन जा, गोळ्या बंद केल्या होत्या हे न लपवता सांगा आणि त्यांच्या सल्ल्याने उपचार पुन्हा सुरू करा. फिटची औषधे एकाएकी थांबवली की फिट उलटून येते, कधी लागोपाठ येते, आणि त्यात जिवाला धोका असतो. औषध घेणे हा अविश्वास आहे असे पवित्र शास्त्र कोठेही सांगत नाही. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी पौल ‘प्रिय वैद्य लूक’ याचा सलाम पोहोचवतो. ज्याच्या सोबतीला वैद्य होता, त्या प्रेषिताच्या नावाने कोणी तुमच्या गोळ्या बंद करावयास सांगत असेल, तर त्याने ते पत्र शेवटपर्यंत वाचलेले नाही.

आपण पत्रासोबत त्या बाटलीचे छायाचित्र पाठवले आहे. खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली, झाकणाला चिकटपट्टी, आणि वर वहीच्या कागदाची चिठ्ठी : ‘दिवसातून तीन वेळा, येशूच्या नावाने.’ ती पाहून मन फार व्यथित झाले. आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्याची रीत मंडळीत आहेच. याकोबाच्या पत्रात ती सांगितली आहे, आणि मीही आजाऱ्यांच्या कपाळाला तेल लावून प्रार्थना केली आहे. परंतु तेथे मंडळीच्या वडिलांना बोलवावे असे म्हटले आहे. त्यात पैसे नाहीत, औषध तोडणे नाही, आणि नावाचा मंत्र करणे तर मुळीच नाही.

नावाचा मंत्र केला म्हणजे काय होते, हे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात आले आहे. इफिस हे अर्तमी देवीच्या भव्य मंदिराचे नगर, आणि मंत्रतंत्रासाठीही त्याची मोठी ख्याती होती. तेथे स्किवा नावाच्या याजकाचे सात मुलगे भुते काढण्याचा व्यवसाय करीत. पौलाच्या तोंडी येशूचे नाव ऐकून त्यांनाही ते नाव कामाचे वाटले आणि ‘पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूची शपथ’ असे म्हणून त्यांनी भूत काढण्याचा प्रयत्न केला. दुरात्म्याने उत्तर दिले की, येशूला मी ओळखतो, पौलाचीही मला माहिती आहे, पण तुम्ही कोण? मग त्या झपाटलेल्या मनुष्याने त्यांना असे झोडपले की ते उघडे व घायाळ होऊन घरातून पळाले. या घटनेनंतर इफिसातील ज्या लोकांनी विश्वास धरला होता, त्यांनी आपली जादूची पुस्तके आणून सर्वांसमोर जाळली. त्यांची किंमत चांदीची 50,000 नाणी भरली, आणि असे एक नाणे म्हणजे साधारणपणे मजुराची एका दिवसाची मजुरी होती. त्या पुस्तकांच्या जागी येशूच्या नावाचे नवे मंत्रपुस्तक त्यांनी घरात आणून ठेवले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आता आपल्या भीतीविषयी. करणी केली, नजर लागली, बाधा झाली, या भीतीचे मूळ शोधत गेलो तर एक शंका हाती लागते : माझ्या हातून काही चुकले आहे, माझ्यावर कोणाचे तरी काही देणे निघते, आणि ते वसूल करणारा कोणीतरी दाराशी उभा आहे. कलस्सै येथील विश्वासी लोकांचीही अवस्था काहीशी अशीच होती. हे नगर आजच्या तुर्कस्तानात, लायकस नदीच्या खोऱ्यात होते. तेथे काही जण शिकवीत की केवळ ख्रिस्त पुरेसा नाही, देवदूतांची उपासना करा, अमुक खाऊ नका, तमुक शिवू नका, ठरावीक तिथी पाळा. पौल त्यांना दोन गोष्टी लिहितो. पहिली अशी की राजासने असोत वा स्वामित्वे, दिसणाऱ्या सत्ता असोत वा न दिसणाऱ्या, त्या सर्व ख्रिस्ताच्या द्वारे व ख्रिस्तासाठीच निर्माण झाल्या आहेत. म्हणजे त्याच्या बरोबरीची दुसरी सत्ता जगात नाही. जी बिघडली आहे तीही मुळात त्याने निर्माण केलेलीच आहे. दुसरी गोष्ट अशी की आपल्याविरुद्ध असलेले ऋणपत्र देवाने पुसून टाकले आणि वधस्तंभाला खिळून कायमचे रद्द केले.

ऋणपत्र म्हणजे सावकाराच्या पेटीतील कर्जखत. त्याचा अर्थ आपल्या भागातील शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले, आणि तो उठाव पुढे नगर जिल्ह्यातही पसरला. दुकाने लुटली गेली, पण लोकांचा मुख्य रोख होता तो कर्जखतांवर. खते मागून घ्यायची आणि जाळून टाकायची. सावकाराचा जोर त्याच्या दंडात नाही, कागदात आहे, हे त्या शेतकऱ्यांनी अचूक ओळखले होते. त्यांनी कागद जाळले तरी सरकारने शेकडो लोकांना पकडले, ही त्या उठावाची दुःखद बाजू आहे. वधस्तंभावर मात्र ज्याला खत रद्द करण्याचा खरा हक्क होता, त्यानेच ते रद्द केले. ‘सैतान’ या मूळ इब्री शब्दाचा अर्थच विरोधात उभा राहणारा, आरोप करणारा असा आहे. त्याच्या हातातील कागद गेला, म्हणजे तुमच्या दाराशी उभे राहण्याचा त्याचा अधिकार गेला. ताई, तुमच्या नावावर आता कोणतेही देणे नाही. ते वसूल करावयास कोणी येऊ शकत नाही, मग तो अमावास्येला येवो की पौर्णिमेला.

विश्वास कमी पडतो का, असे आपण विचारले आहे. माझ्या पाळकपणाच्या पहिल्या वर्षी एका खेड्यात मी रात्री मुक्कामाला होतो. घरातील वृद्ध गृहस्थ निजण्यापूर्वी उशीखाली नवा करार ठेवीत. त्याची पाने डोक्याच्या वजनाने वळली होती आणि पुठ्ठ्याला खोबरेल तेलाचा वास लागला होता. वाईट स्वप्न पडू नये म्हणून ठेवतो, असे ते म्हणाले. मी तरुण होतो. हा तर ताईत झाला, असे मी त्यांना तेथल्या तेथे सुनावले. त्यांचा चेहरा उतरला. आज मी त्यांना सुनावणार नाही. ते पुस्तक उशीखालून काढून दिव्याशी धरीन आणि त्यातील एखादा भाग त्यांना वाचून दाखवीन. भीती वाटणे म्हणजे अविश्वास नव्हे. भीती वाटत असताना आपण कोणाला हाक मारतो, यात विश्वास दिसतो, आणि आपण प्रभूला हाक मारीत आहात हे आपल्या पत्रातील ओळीओळीत दिसते.

वडीलधाऱ्यांना एवढे अवश्य सांगा की, भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणाला मारहाण करणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि तो कायदा सर्व धर्मांच्या लोकांना सारखाच लागू आहे. येशूचे नाव घेतल्याने त्यातून सूट मिळत नाही, मिळताही कामा नये.

प्रश्न : सर्व अधिकार येशूला दिलेला आहे असे आपण म्हणतो. पण रोजची बातमी पाहिली तर बलवानाचेच चालते असे दिसते. युद्धे थांबत नाहीत, निरपराध मुले मरतात. मग हा अधिकार केवळ उपासनेत गाण्यापुरता आहे का?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : आपला प्रश्न नव्या करारालाही पडलेला आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा लेखक दुसऱ्या अध्यायात मान्य करतो की, सर्व काही त्याच्या अधीन झालेले अद्याप आपल्याला दिसत नाही. ज्या ग्रंथाने हे वाक्य वगळले नाही, त्याच्यावर माझा विश्वास त्यामुळे अधिकच बसतो.

आपल्याकडे जमिनीचे उदाहरण घेता येईल. एखाद्याच्या शेतावर दुसऱ्याने अतिक्रमण केले आहे. दावा चालला, निकाल लागला, सातबाऱ्यावर खऱ्या मालकाचे नाव लागले. तरी अतिक्रमण करणारा शेतात नांगर घालतोच आहे, धमक्या देतोच आहे. बांधावरून पाहणाऱ्याला मालक तोच वाटेल. पण त्याचा हक्क संपला आहे आणि ताबा सोडण्याचा दिवस ठरला आहे. हे त्यालाही ठाऊक असते, म्हणून तो जास्तच आरडाओरडा करतो. मत्तयाने योजलेला मूळ ग्रीक शब्द ‘एक्सुसिया’ असा आहे आणि त्याचा अर्थ हक्क, अधिकार. नुसत्या बळासाठी ग्रीकमध्ये ‘दुनामिस’ हा वेगळा शब्द आहे. निकाल ख्रिस्ताच्या बाजूने लागलेला आहे, ताब्याचा दिवस यावयाचा आहे, आणि आपण त्या दोहोंच्या मधल्या काळात राहतो.

उदाहरण येथपर्यंतच चालते. कारण न्यायालयातील निकाल कागदपत्रांवर मिळतो, आणि हा निकाल रक्त सांडून मिळालेला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन डोंगर आहेत, ते शेजारी ठेवून वाचावेत. चौथ्या अध्यायात सैतान येशूला एका फार उंच डोंगरावर नेतो, जगातील सर्व राज्ये व त्यांचे वैभव दाखवतो आणि म्हणतो, माझ्या पाया पडशील तर हे सर्व तुला देईन. येशू नकार देतो. शेवटच्या अध्यायात तो पुन्हा डोंगरावर उभा आहे, आणि आता पृथ्वीच नव्हे तर स्वर्गही त्याच्या अधिकारात आहे. या दोन डोंगरांच्या मध्ये गुलगुथा, म्हणजे येशूला वधस्तंभावर खिळले ती जागा, आहे. जे वाकून, तडजोड करून, एका दिवसात मिळत होते ते त्याने नाकारले, आणि तेच पित्याच्या हातून, मरणाच्या वाटेने स्वीकारले. म्हणून त्याचा अधिकार बलवानाच्या अधिकारासारखा दिसत नाही. तो तसा नाहीच.

पौलाने कलस्सैकरांस लिहिताना यासाठी एक धाडसी चित्र योजले आहे. रोमी सेनापती मोठे युद्ध जिंकून परतला की त्याची मिरवणूक निघे. पुढे लुटीचा माल, साखळदंडांनी बांधलेले शत्रूचे सरदार, मागे चार घोड्यांच्या रथात विजेता. रोममधील टायटसच्या कमानीवर अशीच एक मिरवणूक कोरलेली आजही पाहता येते : सैनिकांच्या खांद्यावर यरुशलेमच्या मंदिरातील सात शाखांची समई आहे. ती इ. स. 70 मध्ये लुटून नेली होती. पौलाचे पत्र त्याआधीचे आहे, पण जयोत्सवाची ही प्रथा त्याला व त्याच्या वाचकांना चांगली माहीत होती. तो म्हणतो, देवाने सत्ताधीशांना व अधिकाऱ्यांना निःशस्त्र केले, त्यांचे उघड प्रदर्शन केले, त्यांच्यावर जयोत्सव केला, आणि हे कोठे, तर वधस्तंभावर. त्या शुक्रवारी यरुशलेमात उभा असलेला कोणीही मनुष्य नेमके उलटे सांगता. नागवा केलेला, लोकांसमोर टांगलेला तो येशू होता. पौल म्हणतो की तेथे उघडे पडले ते अधिकारी. न्याय, कायदा, धर्म यांची वस्त्रे पांघरलेल्या सत्तांनी एका निरपराध मनुष्याला ठार केले आणि आपण कोण आहोत हे जगाला दाखवून दिले. त्यांच्याजवळचे शेवटचे शस्त्र मरण होते. ते त्यांनी चालवून पाहिले आणि तिसऱ्या दिवशी ते बोथट ठरले.

युद्धात मरणाऱ्या मुलांचे काय, याचे या सदरात बसेल असे उत्तर मजजवळ नाही, आणि ते असल्याचा आव मी आणणार नाही. प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात राजासनाजवळ जो उभा आहे, तो जणू वधलेला कोकरा आहे, एवढे मी आपल्यासमोर ठेवतो. सर्व अधिकार ज्याच्याकडे आहे त्याच्या अंगावर जखमांच्या खुणा आहेत. ज्याने स्वतः सोसलेले नाही अशा कोणाच्या हाती जगाचा न्याय असता, तर मला त्याची धास्ती वाटली असती.

प्रश्न : येशूची सत्ता सर्वोच्च मानणारे लोक देशाचा कायदा व संविधान मनापासून कसे मानतील, असे माझ्या एका स्नेह्याने विचारले. त्याच्या मनात आकस नाही. त्याला काय सांगावे?
— एक निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : गुरुजी, आपल्या स्नेह्यांना पॉलिकार्प यांची गोष्ट सांगावी. हे स्मुर्णा येथील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमीर येथील, वृद्ध बिशप होते. इ. स. 155 च्या सुमारास त्यांना अटक झाली. ‘कैसर (म्हणजे रोमी सम्राट) प्रभू आहे’ असे म्हणून धूप जाळावयास काय हरकत आहे, असे अधिकारी त्यांना समजावीत होते, कारण म्हाताऱ्याला मारण्याची त्यांनाही इच्छा नव्हती. पॉलिकार्प यांनी उत्तर दिले की, 86 वर्षे मी ख्रिस्ताची सेवा केली, त्याने माझे काही वाईट केले नाही, मग माझ्या राजाची, माझ्या तारणाऱ्याची निंदा मी कशी करू? त्यांना जाळण्यात आले. पण त्याच प्रसंगी त्यांनी सुभेदाराला असेही सांगितले की, देवाने नेमलेल्या अधिकाऱ्यांना योग्य तो मान द्यावा, असे आम्हांला शिकवलेले आहे. ही दोन्ही वाक्ये एकाच मनुष्याची, एकाच दिवसाची आहेत. कर भरणे, कायदा पाळणे, राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करणे हे आमचे कर्तव्य आहे. त्यांची पूजा करणे मात्र आम्हांला शक्य नाही. आपले संविधानही राज्यकर्त्याची पूजा मागत नाही, उलट प्रत्येक नागरिकाला सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य देते. म्हणून त्याच्याशी माझ्या विश्वासाचे भांडण नाही.

जेथे राज्याने पूजा मागितली, तेथे भांडण झाले आणि व्हावयास हवे होते. मे 1934 मध्ये जर्मनीतील बार्मेन येथे काही मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी एकत्र येऊन जाहीर केले की, आमच्या जीवनाचे असे एकही क्षेत्र नाही जेथे आम्ही येशू ख्रिस्ताचे नसून दुसऱ्या कोणा धन्याचे आहोत. हिटलर सत्तेवर येऊन तेव्हा दीड वर्षही झाले नव्हते. पुढे त्यांतील कित्येक कचरले, हेही खरे आहे.

आपल्या घरचाही दाखला आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम अहमदनगरला 1831 मध्ये सुरू झाले आणि पुढे वेशीबाहेर ठेवलेल्या महार-मांग कुटुंबांतील अनेकांनी बाप्तिस्मा घेतला. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या सर्वांपुढे वाकूनच बोलावे लागे, त्यांच्या तोंडी ‘माझा प्रभू एकच’ हे शब्द आले, तेव्हा त्या शब्दांनी त्यांची मान किती ताठ केली असेल! त्याच मंडळ्यांत पुढे जात शिरली, ही आमच्या अधीनतेतील उणीव आहे आणि ती आजही पुरती गेलेली नाही.

आपल्या स्नेह्यांच्या शंकेत एक रास्त भागही आहे, तो टाळू नये. ख्रिस्ताचा अधिकार म्हणजे आमचा अधिकार, असा अर्थ ख्रिस्ती राज्यकर्त्यांनी अनेकदा लावला. गोव्यात 1560 पासून 1812 पर्यंत, मधली काही वर्षे सोडता, इन्क्विझिशनचे, म्हणजे विश्वासाविरुद्धचे गुन्हे शोधून शिक्षा करणारे, न्यायासन चालले आणि विश्वासाच्या नावाने लोकांना तुरुंगात टाकले गेले, छळले गेले. त्याचे समर्थन मी करणार नाही, आणि ‘त्या काळी सगळीकडे तसेच होते’ असे म्हणून ते पुसटही करणार नाही. ज्याने रोमी सुभेदार पिलातासमोर, माझे राज्य या जगाचे असते तर माझे सेवक लढले असते, असे सांगितले, त्याच्या नावाने बळजबरी करणारे लोक मत्तयाच्या चौथ्या अध्यायातील त्या पहिल्या डोंगरावर, येशूने नाकारलेल्या सैतानाच्या देकाराकडे परत गेले होते.

प्रश्न : माझा सात वर्षांचा मुलगा अंधाराला घाबरतो. झोपण्यापूर्वी त्याला शास्त्रातील कोणता भाग वाचून दाखवावा?
— एक माता, वसई

उत्तर : मार्क, चौथा अध्याय, 35 ते 41 ही वचने. वादळ, नावेत शिरणारे पाणी, ओरडणारे शिष्य आणि झोपलेला येशू. हा प्रसंग मत्तय आणि लूक यांनीही दिला आहे, पण येशूच्या डोक्याखाली उशी होती हे केवळ मार्क सांगतो. त्या उशीपाशी थोडे थांबा, मुलांना ती आवडते. वारा व समुद्र त्याचे ऐकतात हे आले, की पुढचे वचनही वाचा : वादळ शमल्यावर शिष्य अधिकच भ्याले आणि हा आहे तरी कोण, असे एकमेकांना विचारू लागले. मुलगा तोच प्रश्न आपल्याला विचारील. उत्तर देण्याची घाई करू नका, त्याला उद्याही विचारू द्या. आणि खोलीतील लहान दिवा त्याला हवा असेल तोपर्यंत लावून ठेवा.